दिवा बंद असतानाचा आकडा

चिंचपोकळीच्या चाळीत राहणारे गुणाजी परब माटुंग्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं अटेंडंट होते. शिक्षण नववीपर्यंत, पण काचेच्या नळ्या जोडाव्यात त्यांनीच.

शेवटची काही वर्षं ते दर्शना या पीएचडी करणाऱ्या मुलीच्या हाताखाली होते. नायट्रोमिथेन नावाच्या द्रवाची वाफ क्वार्ट्झच्या कुपीत कोंडायची, तिच्यावर अतिनील दिवा लावायचा आणि उजेडाने किती वाफ फुटली ते मोजायचं, हे तिचं काम. वाफ फुटली की कुपीत फिकट तांबूस वायू दिसायचा.

एका सोमवारी दिवा उडाला. नवा येईपर्यंत भरलेली कुपी तशीच राहिली. गुणाजींनी सवयीने कुपीतल्या वाफेचा आकडा पाहिला, तर उजेड नसतानाही वाफ घटलेली आणि तांबूस रंगाचा पत्ता नाही. गळती कुठेच नव्हती. आठवडाभर त्यांनी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. कुपीच्या काचेच्या तोटीतून हवा शिरू नये म्हणून लावलेलं ग्रीसच वाफ पीत होतं. म्हणजे आजवर उजेडाच्या नावावर लिहिलेल्या आकड्यांत बराच वाटा ग्रीसचा होता.

वही घेऊन ते दर्शनाचे मार्गदर्शक माधव सरांकडे गेले. सरांनी ती उघडलीसुद्धा नाही. कुप्या स्वच्छ धुतल्या जातात का तेवढं बघा, म्हणाले. दर्शना शेजारीच उभी होती. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. ती गप्प राहिली.

प्रबंध वाचून बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, दिवा बंद ठेवून मोजलं होतं का? अटेंडंटने चुकीचं ग्रीस वापरलं, असं सरांनी लेखी कळवलं. निवृत्तीला सात महिने उरले असताना गुणाजींना जिमखान्याच्या स्टोअरमध्ये पाठवलं. तिथे ते बॅटी आणि पॅड मोजत बसले.

दर्शनाने बिनग्रीसच्या तोट्या बसवून दीड वर्षात सगळं नव्याने मोजलं. पदवी मिळाल्यावर ती पेढे आणि प्रबंध घेऊन चाळीत आली. गुणाजींच्या बायकोने, शेवंतीने, चहा टाकला. गुणाजींनी ग्रीसचं पान काढायला लावलं आणि मराठीत सांग म्हणाले.

तिने अडखळत सांगितलं. ही चूक माधव सरांच्या लक्षात आली, असं तिथे छापलं होतं.

"काका, सरांनी दुसरं काही लिहूच दिलं नाही."

"लिहायचं राहू दे. त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

चहा तसाच ठेवून ती उठली आणि नमस्काराला वाकली. गुणाजींनी पाय मागे घेतले.