किल्ली माझ्या खिशात होती

इतक्या किरकोळ रकमेसाठी बँकेला कोर्टात खेचणं हा न्यायप्रक्रियेचा गैरवापर आहे, असं निकालात लिहिलं होतं. दावा फेटाळला, वर खर्चही वादीवरच बसवला. दावा होता लॉकरच्या एका वर्षाच्या भाड्याचा. शाखेचा मॅनेजर मी होतो आणि निकाल लागला तो माझ्या प्रतिज्ञापत्रावर.

वादी माले गावचे एक शेतकरी. गावच्या देवीचा चांदीचा मुखवटा त्यांच्या घरी सांभाळायला असायचा. चोऱ्या वाढल्या तेव्हा मीच त्यांना लॉकर घ्यायला लावला. कामाच्या वेळेत कधीही या, उघडून देऊ, असं करारातच होतं.

जत्रेच्या सकाळी ते रिकामी पिशवी घेऊन शाखेत आले. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची, एक बँकेची. बाहेर जाताना बँकेची किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सही घेऊन सोपवायची असते. मला त्या सह्यांचा कंटाळा. किल्ली खिशात घालून मी लवासाकडे फ्लॅट बघायला गेलो होतो. फोनला रेंज नव्हती.

शाखा बंद होईपर्यंत ते बाकावर बसून राहिले. संध्याकाळी पालखीत मुखवट्याच्या जागी नारळ ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुखवटा नेला, तर गाव म्हणालं, गहाण टाकला होता, सोडवून आणला. पुढच्या वर्षी पालखीचा मान दुसऱ्या घरी गेला.

कोर्टात जाण्याआधी ते माझ्याकडे आले होते.

"सायेब, पैसं नगंत मला. किल्ली कुणापाशी हुती, तेवढं कागदावर द्या."

बँक असलं काही लिहून देत नाही, असं मी सांगितलं. मग दाव्यात काहीतरी आकडा हवा म्हणून वकिलानं भाडं मागितलं. आणि मी शपथेवर लिहून दिलं, ग्राहक वेळ संपल्यावर आला.

रक्कम किरकोळ होती, कबूल. शिल्लक कमी पडली म्हणून आम्ही लोकांच्या खात्यातून त्याहून किरकोळ दंड कापायचो. त्याला गैरवापर म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. लहान रकमेमागे लहानच अन्याय असतो, हे कोर्टाला कुणी सांगितलं? गैरवापर झाला, पण तो त्यांच्याकडून नाही, माझ्याकडून झाला.

त्यांचं अपील अजून चालू आहे; आता निवृत्तीनंतर मी त्यात खरं काय ते लिहून नवं प्रतिज्ञापत्र दिलं आहे. जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, खोट्या शपथेबद्दल तुझ्यावरच खटला होईल, म्हातारपणी कशाला हे? होऊ दे खटला. तिथंही हेच सांगेन.

प्रतिज्ञापत्राची प्रत घेऊन मी मालेला गेलो. त्यांनी ओट्यावर बसून सावकाश वाचली आणि मला परत दिली.

"कोर्टाचं कोर्ट बघंल. तुमी ह्ये देवळात वाचा."

"सगळ्यांसमोर?"

"नारळ सगळ्यांनीच बघितलाय."

जत्रेच्या बैठकीत मी उभा राहून वाचलं. मागून कुणीतरी विचारलं, "इतकी वर्षं कुटं हुता, सायेब?" शेवटपर्यंत वाचलं. मागचे म्हणाले, ऐकू आलं नाही, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं.