लाल रेघांमधलं सोनं

बदलापूर गावचा महिपती अंबरनाथच्या एका बोल्टाच्या कारखान्यात तपासनीस होता. दर तासाला पाच बोल्ट मोजायचे आणि सरासरीचा ठिपका आलेखाच्या कागदावर द्यायचा. वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ. ठिपका त्यांच्या मध्येच खेळला पाहिजे. बाहेर गेला की यंत्र थांबवून नीट करायचं, की ठिपका मुकाट्याने आत. बावीस वर्षं त्याने हेच पाहिलं. एका ठिकाणी चाललेलं शहाणपण सगळीकडे चालेल असं माणसाला वाटतंच; महिपतीला जरा जास्तच वाटलं.

अठ्ठ्याऐंशी साली त्याने तोच कागद सोन्याला लावला. कामावरून सुटला की सायकल थेट शेजारच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प पाचला, परसोमल सराफाच्या फळ्यावरचा भाव टिपायला. मग वीस दिवसांची सरासरी काढायची आणि भाव जेवढ्या उड्या मारेल तेवढ्या अंतरावर वरखाली रेघा ओढायच्या. खालच्या रेघेला टेकला की घ्यायचं, वरच्या रेघेला लागला की विकायचं. स्वतःच्या बोटातल्या तोळ्याच्या वेढण्यावर दोनदा साधलं. "साईं, आज आपकी लकीर क्या बोलती है?" परसोमल विचारायचा आणि हा फुलून जायचा.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये भाव वरच्या रेघेला भिडला. महिपतीने वेढणं विकलं आणि बायकोच्या, अंजनीच्या, पाटल्या मागितल्या. तिच्या आईने दिलेल्या, चार तोळ्यांच्या.

"दिवाळीला साडेचारच्या करून देतो."

तिने साबण लावून त्या उतरवल्या. "दिवाळीलाच हां," एवढंच म्हणाली.

जुलैमध्ये सरकारने रुपयाची किंमत उतरवली आणि सोनं रेघ फोडून वर गेलं. आता तर खाली येणारच, म्हणून या शहाण्याने मंगळसूत्राच्या वाट्याही विकल्या आणि खोट्या, पॉलिशच्या ओवून दिल्या. सोन्याला थांबवायचं बटण कुठे असतं? भावाच्या मागोमाग सरासरी चढली, तिच्यामागे खालची रेघही चढली. भाव तिला टेकायचा, पण आता ती रेघच याच्या विकल्या भावाच्या वर होती.

"जितना आता है ले लो, साईं. तीन तोला तो आएगा," परसोमल कळवळून म्हणाला.

"चार घेतले आणि तीन देऊ? कुठल्या तोंडाने?"

पैसे पोस्टात पडून राहिले. पाच दिवाळ्या गेल्या. कुणी विचारलं की अंजनी सांगायची, "लॉकरात आहेत." लग्नाकार्यात पदर मनगटापर्यंत ओढून बसायची. नवऱ्याची लाज तिने एकटीने वाहिली, आणि तो मात्र रेघा ओढत राहिला. फार वाईट वाटतं हे सांगताना.

शहाण्णवच्या श्रावणात काविळीने ती आठ दिवसांत गेली. बायकांनी न्हाऊ घातलं, हिरवा चुडा भरला, मळवट भरला. तोंडात तुळशीपत्र ठेवून शेजारची म्हातारी कौसाबाई म्हणाली, "सोन्याचा कण लागल. मंगळसूत्राची वाटी कातर जरा."

महिपती उंबऱ्यात उभा होता. "ती खोटी आहे," तो म्हणाला.

"मग पाटल्या?" कुणीतरी विचारलं. त्याने मान हलवली. घरात गुंजभरही सोनं नव्हतं.

कौसाबाईने आपल्या कानातली बुगडी काढली, तिचा सोन्याचा मणी दाताने तोडला आणि अंजनीच्या ओठांत सरकवला.

महिपतीच्या तोंडून निघून गेलं, "भाव उतरला की परत देतो, मावशी."

कौसाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "ह्ये परत घेत नसतात रं," ती म्हणाली.

तेव्हा कुठे तो खाली बसला आणि अंजनीचं मनगट धरून रडला.