ऑब्व्हियसली म्हणजे काय

डॉक्टरनं माझ्या हातावर पेन मारला. जोरात नाही. मास्तर पट्टी मारतो तसा, टक करून.

"हात काढ. मेंढरू आहे का ती?"

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेली माणसं हसली. डॉक्टर माझ्या लेकाच्या वयाचा. मला तू म्हणाला. माझा अंगठा भामाच्या गालावर होता, तिच्या डोळ्याची खालची पापणी मी ओढून धरली होती. मी एवढंच म्हणालो होतो, "बघा सायेब, आत पांढरं हाय. रगत न्हाय हिच्या अंगात."

भामा माझी बायको. आता नाही.

आम्ही मेंढरंवाले. अणदूरच्या शिवारात घर, पण निम्मं आयुष्य रानात गेलं. मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर ओळखतो, सही करतो, तेवढंच. पण मेंढरू कळपाच्या मागं पडायला लागलं, की काय बघायचं ते मला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. बापानं शिकवलं. मान धरायची, अंगठ्यानं पापणी खाली ओढायची. लाल असली तर सोडून द्या. पांढरी असली तर त्याचं रक्त जातंय. असं मेंढरू माती चाटतं, चार पावलं चालून थांबतं.

भामा तशीच थांबायला लागली होती. हापशावरून घागर आणताना दोनदा खाली बसायची. एकदा बघितलं तर भिंतीच्या मातीचा खडा तोंडात टाकून पदराआड चघळत होती. मी तिला उजेडात ओढली आणि डोळा बघितला.

ती हसली. "अवो, मी काय मेंढरू हाय का? आता कान धरून दातबी मोजा."

मी हसलो नाही. पापणी आतून पांढरी होती. ज्वारीच्या पिठासारखी.

दुसऱ्याच दिवशी बाजाराच्या गावाला नेली. तिथंच तो पेन बसला. डॉक्टरनं पोट दाबलं, गॅस आहे म्हणाला, गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी परत नेली. परत सांगितलं. "वय झालं की असं होतं," म्हणाला, आणि टॉनिकची बाटली लिहून दिली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारातच कंपाउंडर ओरडला, "आले, आले! मेंढरांचे डॉक्टर आले! बाजूला व्हा रे!"

सगळे हसले. मीपण हसलो.

ते हसू मला अजून गिळता येत नाही. म्हातारा माणूस, शेजारी बायको भिंतीला टेकून उभी, आणि मी दात काढून हसलो. कशासाठी? त्यांना राग येऊ नये म्हणून. त्या दिवशी आत गेल्यावर मी पापणीचं काही बोललो नाही. गप बसलो. डॉक्टरनं तीच बाटली परत लिहिली.

आठ दिवसांनी भामा चुलीपुढं कोसळली.

सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेली. पोटात आत जखम होती, कित्येक महिने तिथून रक्त झिरपत होतं, असं तिथं सांगितलं. पण ते नंतर. आधी सकाळी मोठे डॉक्टर आले. मागं पाच-सहा शिकाऊ पोरंपोरी, गळ्यात नळ्या. मोठ्या डॉक्टरनं काय केलं? भामाच्या गालावर अंगठा ठेवला आणि पापणी खाली ओढली.

तोच अंगठा. तीच जागा.

एक पोरगी इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मोठा डॉक्टर म्हणाला, "ऑब्व्हियसली." सगळ्यांनी माना हलवल्या. वहीत लिहून घेतलं. कुणी हसलं नाही. मेंढरू आहे का, असं कुणी विचारलं नाही.

तो शब्द माझ्या कानात अडकून बसला. बेंबळीकडची एक नर्स होती, आपल्यासारखी बोलणारी. सलाईन लावायला आली तेव्हा तिला विचारलं.

"बाई, सायेब मगाशी काय म्हणले? ऑब्व्हियसली?"

"त्याचा अर्थ उघडच हाय, मामा. कुणालाबी दिसंल असं. जोर देऊन सांगायचं असलं की म्हणतेत."

"कुणालाबी?"

"व्हय. सांगायचीबी गरज न्हाय, इतकं उघड." मग ती सुई लावता लावता हसली. "आमाला तर दिवसातनं धा येळा ऐकावं लागतंय. कायबी चुकलं की, हे कळायला नको का, ऑब्व्हियसली! त्यावर बोलायचंच न्हाय मग. बोललं की आपणच येडं."

ती गेली. मी भामाकडं बघत बसलो. कुणालाही दिसेल असं होतं ते. मला दिसलं होतं, मी दोनदा तोंडानं सांगितलं होतं. मी सांगितलं तेव्हा तो अडाणीपणा होता. त्यांनी सांगितलं तेव्हा ते उघड झालं. पापणी तीच होती.

रक्त चढवलं. चौथ्या दिवशी सकाळी भामा गेली. आदल्या दिवशी पाणी मागितलं होतं, तेवढंच बोलली.

लेक पुण्याहून आला. कंपनीत आहे, इंग्रजी बोलतो. टेबलामागच्या माणसानं भामाला ताब्यात द्यायचा कागद पुढं सरकवला. "बाबा, इथं सही करा."

मी लेकाला म्हणालो, "वाचून दाव."

त्यानं वाचलं. बऱ्याच गोष्टी होत्या. शेवटाला होतं, घरच्यांनी पेशंटला फार उशिरा आणलं.

मी कोपरीच्या खिशातून तिन्ही चिठ्ठ्या काढल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्या होत्या. टेबलावर मांडल्या. "तीनदा नेली हुती. उशीर कुणी केला ते लिवा."

टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. म्हणाला, "बाबा, ते दुसऱ्या दवाखान्याचं. आमच्याकडं उशिराच आणलंत ना, ऑब्व्हियसली. नाहीतर वाचल्या नसत्या का?"

आता अर्थ विचारायला नर्सची गरज नव्हती.

"उघड हाय ना? मग मला दावा. मला दिसत न्हाय. मी सही करणार न्हाय."

खुर्चीवरच्या माणसाला न्हाय म्हणायची माझी आयुष्यातली ती पहिली वेळ. मागं रांग होती, माणसं चुकचुकत होती. मी टेबल धरून उभा राहिलो.

लेकानं माझा दंड धरला. "आबा, आईला किती वेळ तिथं ठेवायचं? उशीर झालाच ना. ऑब्व्हियसली झाला. करा सही."

त्याच्याही तोंडात तोच शब्द. तो शिकायला त्याला मीच पाठवला होता.

मी सही केली नाही. मग त्या माणसानं पेन लेकाकडं केला. लेकानं केली.

गाडीत मी भामाशेजारी बसलो. शेजारून तुळजापूरला जाणाऱ्या गाड्या आई राजा उदोउदो करत पुढं जात होत्या. मी तिची पापणी पुन्हा एकदा ओढून बघितली. लेक म्हणाला, "आबा, काय करताय?" मी पापणी बोटानं परत मिटली.

दहाव्याला पाव्हणे बोलत होते. म्हाताऱ्यानं वेळेवर नेली नाही. रानातली माणसं, त्यांना काय कळतंय. मी चिठ्ठ्या दाखवल्या. कुणी हातात घेतल्या नाहीत. कागदावर लिहिलंय म्हणाले, लेकाचीच सही आहे. त्या कागदापुढं माझं तोंड कुठं चालणार?

मग मी बाजाराच्या गावाला गेलो. डॉक्टरपुढं चिठ्ठ्या ठेवल्या. त्याला भामा आठवत नव्हती. मीही नाही. "रोज इतके येतात," म्हणाला, आणि बाहेर आवाज दिला, "पुढचा."

भामा परत येणार नाही. तो कागद बदलणार नाही. हे मला कळतं. लेकाशी बोलणं बंद आहे. मेंढरं भावकीला दिली.

पण बाजाराच्या दिवशी मी त्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसतो. औषधाला नाही. शेजारी बाया बसलेल्या असतात, दमलेल्या, तोंडं उतरलेल्या. मी कुणाला हात लावत नाही. स्वतःची पापणी ओढून दाखवतो आणि म्हणतो, "बाय, शेजारणीला म्हण, असा डोळा बघ. पांढरा दिसला तर आत गेल्यावर सांग, रगत तपासा. न्हाय म्हणले तर उठू नको." बऱ्याचजणी येडा समजून सरकून बसतात. दोघी-तिघींनी बघितलं. आत जाऊन बोलल्या का नाही, मला माहीत नाही. त्याही माझ्यासारख्या हसून गप बसल्या असतील.

कंपाउंडरनं दोनदा दंडाला धरून बाहेर काढलं. मागच्या बाजारी म्हणाला, "मेंढरांचे डॉक्टर, परत आलात तर पोलिसाला बोलवीन."

बोलव म्हणालो.

येत्या बाजारी मी जाणार. तो ओरडेल, बाकावरची माणसं हसतील. हसू देत. मी हसणार नाही. आणि मला दिसलेलं मी बोलणार.