हिरातासान आणि तीन मीटरचा नियम

हिरातासान बैठकीत कधी बोलत नसत. जे सांगायचं ते आदल्या दिवशी, एकेकाच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसून, हळू आवाजात. नव्वदच्या दशकात टोकियोतल्या एका सल्लागार कंपनीत मी अहवालांचं काम पाहायचे. मला विषयपत्रिका लागते, क्रमवार मुद्दे लागतात. हा मातीचा तज्ज्ञ शेजारी येऊन बसला की हे काम आहे की गप्पा, तेच मला कळायचं नाही.

बोर्निओतल्या भातशेती प्रकल्पाच्या वेळचं आठवतं. तिथली जमीन पीटची, म्हणजे न कुजलेल्या पाल्याफांद्यांचा, पाण्यानं फुगलेला काळा थर. तो तीन मीटरहून खोल असेल तर हात लावायचा नाही, असा तिथला नियम. शेतीसाठी पाण्याचा निचरा करणारा आमचा कालवा त्या थराच्या उथळ कडेनं जात होता.

हिरातासान डबा घेऊनच आले. डब्यात रश्शात भिजवलेला, स्पंजसारखा तोफू होता. "साठेसान, बघा." त्यांनी तुकड्याची फक्त कड कागदी रुमालाला टेकवली. रुमाल भिजत गेला आणि तुकडा मधूनही आक्रसला.

"कड नियमात आहे. पाणी मात्र मधलं जाणार. वाळलेलं पीट पेटतं, पोटातून धुमसत राहतं."

"मग उद्या बैठकीत सांगा ना! मी मुद्दा घालते."

ते दचकले. "नको, नको. बैठकीत कसं सांगणार?"

"मग बैठक असते कशाला?"

"ठरलेलं ऐकायला," ते म्हणाले आणि तोफू खाऊन टाकला.

संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या टेबलांशी बसून आले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" हिरातासान म्हणाले, "नियमात बसतं." मी त्यांना बाहेर गाठलं.

"काल तर पेटेल म्हणालात!"

"पेटेलच. पण काल एकानंही साथ दिली नाही. आज बोलून फक्त साहेबांची पंचाईत झाली असती." मग त्यांचं नेहमीचं वाक्य, "कागद बरोबर आहे, साठेसान. पाण्यानं तो वाचलेला नाही."

यात चूक नेमकी कुठे, ते मला सापडेना.

कालवा झाला. पुढे एका कोरड्या वर्षी ती जमीन पेटली. बातम्यांत धुरात बुडालेली गावं दिसायची. साहेबांनी अहवाल तपासायला लावला. एकही चूक निघाली नाही.

हिरातासान तोवर निवृत्त झाले होते आणि बोर्निओला निघाले होते. मी स्टेशनवर निरोप द्यायला गेले. "आता तिथे काय मोजणार?"

"मोजायचं नाही. कालव्यात लाकडी बांध घालायचे. पाणी अडलं की पीट भिजेल."

"तेव्हा बैठकीत बोलला असतात, तर थांबला असता कालवा?"

"एक दिवस वाटतं, हो. दुसऱ्या दिवशी वाटतं, छे."

"बांधाचं काम कधी सुरू?"

"परवानगी मिळाली की. कागदोपत्री ती आता शेतजमीन आहे. शेताचा कालवा बुजवणं नियमात बसत नाही म्हणे."

गाडी आली. गमबुटांची पिशवी उचलून ते तरीही चढले.