शुक्रवारी पिंप भरू नये

कांबळे मावशींनी मी भरलेलं पिंप दोन्ही हातांनी आडवं केलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. पण तिथवर पोचायचं कसं, ते आधी सांगतो.

कोल्हापूर स्टँडवरून सकाळची मलकापूर एसटी धरा. बांबवड्याला थांबली की भजी घ्या. चहा नको, पाक असतो नुसता. मलकापुरातून पुढं वडाप. जीप भरली असं आपल्याला वाटतं, तेव्हा अजून चौघं चढतात. दहा रुपये. शाहूवाडीची ती चढण ऑक्टोबरात बघावी, दोन्ही अंगाला भात पिवळं पडत असतं. गावाचं नाव लिहीत नाही. सुनंदाची ताकीद आहे.

सुनंदा आणि मी एका वर्गात. कॉलेज मी एका सरांशी भांडून सोडलं, तिनं वडिलांच्या आजारपणानं. आता तिला स्थळं येत होती. माझ्याशी लग्नाला हो की नाही, एवढंच विचारायला निघालो होतो.

"आज शुक्रवार हाय पावणं, पाणी पिऊनच उतरा," ड्रायव्हर म्हणाला. मला वाटलं, गंमत करतोय.

सुनंदाच्या घरात कुणी नव्हतं. अंगणात पिंप पालथं पडलेलं. म्हटलं, पाणी नाही बिचाऱ्यांना, छाप पाडायची हीच वेळ. पिंप उभं केलं आणि हातपंपावरून कळशीनं काठोकाठ भरलं. घाम पुसतोय तोवर दहा-बारा बायका आत शिरल्या. पुढं बौद्धवाडीतल्या कांबळे मावशी, मागं सुनंदा, हातात काथ्याची घासणी.

"हे कुणी भरलं?"

"मी."

मावशींनी पिंप आडवं केलं. पाणी अळवाच्या वाफ्यात गेलं. माझं डोकं सटकलं. "एवढं ओढलंय मावशी, विचारून तरी ओतायचं."

"तू विचारून भरलंस?" सुनंदा म्हणाली.

बायका हसल्या. "तुझं पावणं व्हय गं?"

"कॉलेजातलं हाय."

"मग घासायला लाव की."

घासता घासता कळलं. आदल्या वर्षी चिकुनगुन्यानं गाव आखडलं होतं. भात उभं आणि कापायला धड हात नाहीत. तिचे वडील तर भिंत धरून चालायचे. साठवलेल्या पाण्यात डास होतात हे फवारणीवाले सांगून गेले होते, पण मनावर घेतलं ते बायकांनीच. बौद्धवाडीतल्या आणि वरच्या आळीतल्या बायका पहिल्यांदा एकत्र बसल्या आणि शुक्रवार ठरला: सगळ्यांनी सगळं रिकामं करायचं, घासायचं, वाळवायचं. सरपंचांनी आपला हौद तेवढा वगळा म्हटलं, तर सगळ्या तिथंच हौदावर बसून राहिल्या. हौद रिकामा झाला.

"एक घर ऱ्हायलं तर बाकीच्यांचं घासून काय उपेग?" मावशी म्हणाल्या. यंदा गावात कुणी आखडलं नव्हतं. दुपारी नाचणीची भाकरी, खर्डा आणि दही मिळालं. तिचे वडील माझ्याशेजारी मांडी घालून जेवले.

वडापपाशी मी विचारलंच.

"तुझ्या गल्लीत पिंपं किती?" ती म्हणाली.

"कोण बघतंय?"

"आधी ती कोरडी होऊ देत. तुझ्या दमदाटीनं नव्हे, गल्लीच्या मनानं. मग ये."

कोल्हापुरात, शिवाजी पेठेत परतलो. पहिल्या शुक्रवारी मी ओरडत फिरलो. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "कॉलेजला हात धुऊन बसलास, आता पिंपं धुतोस व्हय?" एकानंही ऐकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तोंड बंद ठेवून नळावर त्याच काकूंना विचारलं, कसं करूया? त्यांच्या पोराला तेव्हा थंडीताप होता. पुढचं त्यांनीच हातात घेतलं. तालमीतल्या पोरांना तिथला हौद घासायला त्यांनीच पिटाळलं.

काल सुनंदाला गावी फोन लावला.

"किती राहिली?"

"तीन घरं."

"मग फोन कशाला केलास?" म्हणाली आणि हसली. ते हसू अजून कानात आहे. त्या प्रवासाची कमाई एवढीच, आणि हाताला काथ्याचे चरे.

आज शुक्रवार. खालून काकू हाका मारतायत. घासणी उचलली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.