जिताड्याची पिल्लं आणि मामा

माशांवर आमच्या सौ.च्या मामांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या भाईंदरात दुसरा नसेल, आणि या माणसानं जन्मात एकही मासा पकडला नव्हता. मामा मूळचे पेणकडचे. रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले, पाठोपाठ मामी गेल्या, नवघरला मुलाच्या फ्लॅटमध्ये हॉलचा एक कोपरा त्यांच्या वाट्याला आला. तेव्हापासून त्यांचं खरं बिऱ्हाड इमारतीमागच्या नाल्यावर. पावसाळ्यात खाडीतून भरतीबरोबर जिताड्याची बोटभर पिल्लं या नाल्यात वाढायला येतात, असा त्यांनी शोध लावला होता. रोज ओहोटीला ते छत्री घेऊन काठावर बसायचे. कुठलं पिल्लू तिवराच्या मुळांत राहतं, कुठलं दगडाआड, सगळं त्यांना पाठ. सुरमई, बोंबील चवीनं खायचे, पण एकदा आमच्याकडे जिताड्याची तुकडी वाढली तर ताट सरकवून म्हणाले, "नको गं बाई, ओळखीचा निघाला तर?"

माणसांकडेही ते त्याच नजरेनं बघायचे. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की आधी जागा न्याहाळायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची पकडायचे. "पिल्लू कसं बसतं ठाऊक आहे? दगडाच्या आडोशाला, पण तोंड वाहत्या पाण्याकडे. दमायचं नाही आणि खाणं आपसूक समोरून येतं." आम्ही नवा फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांनी टाइल्सचं कौतुक केलं. मामांनी मात्र सगळ्या खोल्या फिरून गंभीरपणे विचारलं, "यात तुमच्या धाकट्यानं लपायचं कुठं?" आम्ही पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. "चांगली जागा एकच असली की मोठं पिल्लू ती धरतं आणि लहानाला हाकलतं. हाकललेलं नुसतं पोहत राहतं. त्याला वाढायला बळ उरत नाही," एवढं बोलून ते चहा प्यायले.

मागच्या वर्षी नाल्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती आल्या. तळ सपाट झाला, दगड उचलले गेले, तिवरं गेली. पावसाळा लागला तेव्हा पिल्लं आली, पण थांबायला आडोसाच नव्हता. ओहोटीचं पाणी सरळ धावायचं आणि त्यांना घेऊन जायचं. मामा आठवडाभर रोज भिंतीवरून वाकून बघत राहिले. मग शेजारच्या पाडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून ते फुटक्या लाद्या, विटा आणि एक तुटकं बेसिन दोरीनं खाली सोडायला लागले. वॉचमन ओरडायचा, "अंकल, कचरा क्यों डाल रहे हो?" मामा शांतपणे सांगायचे, "कचरा नहीं है, बच्चे लोगों का कमरा है." सुनेला सोसायटीत मान वर करता येईना. मामांचा मुलगा माझ्याकडे आला. "तुम्ही तरी सांगा ना. लोक वेडा म्हणतायत बाबांना."

मी सांगायला गेलो, तर मामांनी मला हाताला धरून भिंतीवरून वाकवलं. बेसिनच्या सावलीत खरंच एक पिल्लू होतं, तोंड प्रवाहाकडे करून थरथरत उभं. "बघ, धरलीन जागा," मामा कुजबुजले. मी आलो तसाच परतलो.

चार दिवसांनी लादी सोडताना शेवाळावरून पाय घसरून ते खाली पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात सफाईवाल्यांनी मशीन लावून नाला साफ केला. मी जाऊन पाहिलं. तळ झाडून काढल्यासारखा चकचकीत होता.

हॉस्पिटलमध्ये मामा अंगानं निम्मे झाले होते. मला बघताच त्यांनी विचारलं, "गेला होतास? आहेत?"

"आहेत की," मी म्हणालो. "चार दिसली."

"कुठं बसली होती?"

मी खिडकीकडे बघत राहिलो. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. रागावले नाहीत. खोलीत खुर्ची नव्हती आणि मी मघापासून उभाच होतो. त्यांनी दोन्ही हातांनी गादी दाबून, कण्हत, आपलं अंग भिंतीकडे सरकवलं.

"असू दे," ते म्हणाले. "ये, इथं बस."