मालुबाईची पहिली खुर्ची

वडगावातल्या आमच्या मानवी हक्क समितीत मालुबाई तीन वर्षं आहे, पण बैठकीत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. पहिल्या खुर्चीत बसून बोलणाऱ्याकडं नुसती टक लावून बघायची. मी सचिव. मला तिचा रागच यायचा. हिला काढून टाकूया, असं मी अध्यक्षांना दोनदा म्हटलंही होतं.

परवा समिती ती काम करते त्याच पावरलूम कारखान्यात गेली. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या रक्षाला तिथं मागावर काम मिळावं, एवढीच आमची मागणी. मालक नागेंद्रअण्णा भडकले.

"मागाचा धोटा अडकला, कोण ओरडलं, तर हिला कळणार कसं? हात गेला तर तुमची समिती आणून देणार काय?"

तेवढ्यात मालुबाई उठली.

"अण्णा, माग सुरू असताना कुणाला काय ऐकू येतंय? आम्ही सगळ्या ओठ बघून समजून घेतो. मला तर धा वर्सं झाली, कायबी ऐकू येत न्हाय. तरी तुमच्या साड्या विणतेच की. आता तिला घ्या, न्हायतर मलाबी आजच काढा."

नागेंद्रअण्णांनी पाठ फिरवली. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "सोमवारपासून येऊ दे तिला."

मालुबाई घाबरून माझ्याकडं बघत होती. "काय म्हणाले?"

मी तिच्याकडं तोंड करून सावकाश सांगितलं. तीन वर्षं प्रत्येक बैठकीचा अहवाल मी कागद तोंडासमोर धरून वाचला होता.